आईचं गुडघ्याचं ऑपरेशन (इंदूर) : सिस्टर काय विचारतात आणि का विचारतात?

लोकमान्यनगरवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आईचं उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट इंदूरलाच ठरलंय, पुढच्या आठवड्यात. वय ७१, बीपी आणि शुगर दोन्ही, दोन्हीच्या गोळ्या चालू. मी बंगळुरूहून येतोय, ताई भोपाळहून. बाबा ७८ चे, त्यांच्याकडून धावपळ होणार नाही.

सर्जन चांगले आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण सर्जन राउंडला येऊन पाच मिनिटांत जाणार, बाकी सगळा वेळ सिस्टर्सच्या हातात. काकूच्या पित्ताशयाच्या वेळी आम्ही सगळे बाहेर बाकावर बसून होतो. दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन तेच तेच विचारून जायचं, कशावर तरी सही घ्यायचं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तर इथे नर्सिंगमधलं कुणी आहे का? ऑपरेशनच्या आधी, चालू असताना आणि नंतर नक्की काय काय होतं? आम्ही काय करावं, कशात लुडबूड करू नये? यूट्यूबचे दुवे देऊ नका प्लीज, ते बघून आईने ऑपरेशनच रद्द करायला घेतलं होतं.

शेवपरमल

अरे भिया, ओटीतली_ताईंना हाक मार. आमच्या बाबांच्या हर्नियाच्या वेळी त्यांनीच सगळं समजावलं होतं. इंदूरच्याच आहेत, रामबागेच्या.

फुकटसल्लागार

एवढं खोलात जाऊन काय करणार? आमच्या वेळी एमवायला (इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल) माणूस भरती केला की डबा पोचवायचा आणि रामरक्षा म्हणायची. डॉक्टर लोक बघतात सगळं.

ओटीतली_ताई

काका, डॉक्टर बघतात ते बघतातच. पण रात्री तीन वाजता तुमचा बीपी कोण बघतं ते एकदा जागे राहून पाहा. :)

लोकमान्यनगरवाले, ड्युटी संपवून आत्ता घरी आले, म्हणून उशीर. विचारलंत ते बरं केलंत. माझी सगळ्यात मोठी तक्रार पेशंटच्या घरच्यांबद्दलच आहे : ते आम्हाला खरं सांगत नाहीत. मनात वाईट काही नसतं. सिस्टर ओरडतील, केस पुढे ढकलतील, सुनेसमोर कशाला सांगायचं, एवढंच. सकाळी मी विचारते, ‘माताजी, आखरी बार क्या खाया?’ ‘कुछ नहीं.’ ‘चाय?’ ‘वो तो ली, पर आधा कप.’ हा अर्धा कप इंदुरात घरोघरी असतो. मराठी घरात तर तो खाण्यात धरतच नाहीत.

भूल दिली की गिळण्या-खोकण्याची आपोआप होणारी क्रिया बंद पडते. पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं. पोटातलं आम्ल फुफ्फुसात गेलं की माणसाचं काय होतं, हे मेंडेलसन नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने १९४६ मध्ये बाळंतिणींच्या केसेस पाहून लिहून ठेवलंय. म्हणून हा हिशेब : साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दूध, दुधाचा चहा, हलकं खाणं सहा तास आधी बंद. तळलेलं, तुपकट, मांसाहार आठ तास आधी बंद. आता आपल्याकडे पोहे ‘हलके’ समजतात. नुसते पोहे असतीलही हलके. पण वर शेव, बाजूला जिलबी आणि ‘एक कचोरी से क्या होता है’ म्हणून कचोरी, हे सगळं आठ तासांच्या खात्यात.

गुडघ्याला बहुतेक कमरेतून इंजेक्शन देतात, पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, मग उपाशी कशाला, असंही विचारतात लोक. कमरेतली भूल पुरली नाही किंवा मध्येच काही झालं तर पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून.

पण उपासाचा अतिरेकही नको. ‘रात्री बारानंतर थेंब नाही’ हे जुनं झालं. दुपारी दोनची केस आणि म्हातारं माणूस आदल्या रात्रीपासून कोरडं. मग तोंड सुकतं, शिरा सापडत नाहीत, शुगर खाली जाते. आदल्या संध्याकाळी सरळ विचारा, ‘लिस्टमध्ये नंबर कितवा? पाणी किती वाजेपर्यंत चालेल?’ आणि वेळ कागदावर लिहून आईच्या उशाशी ठेवा. पाणी म्हणजे पाणी. नारळपाणी, ताक, सरबत मनाने देऊ नका.

बाकीचं उद्या लिहिते, डोळे मिटायला लागलेत.

मास्कमागे

मी भूल देतो, एरवी इथे फक्त वाचत असतो. ताईंनी लिहिलेल्याला अनुमोदन, आणि गोळ्यांबद्दल थोडी भर.

गोळ्यांची नावं तोंडी सांगू नका. ‘एक पांढरी, एक गुलाबी, अर्धी रात्रीची’ यावरून मला काहीही कळत नाही. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून प्री-ॲनेस्थेशिया (भूल देण्याआधीच्या) तपासणीला घेऊन या. त्यात तीन गोष्टी मी पहिल्यांदा शोधतो.

एक, रक्त पातळ करणारी गोळी. क्लोपिडोग्रेल असेल तर कमरेतून भूल द्यायच्या आधी ती साधारण पाच ते सात दिवस बंद असावी लागते, नाहीतर मणक्यात रक्त साकळायचा धोका. पण हृदयात स्टेंट असेल तर ती मनाने बंद करणंही तितकंच धोक्याचं. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि मी मिळून घेतो. शेजारच्या काकांनी घ्यायचा नाही.

दोन, शुगरच्या ज्या गोळ्यांच्या नावात ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्या. डापाग्लिफ्लोझिन आता खूप जणांना चालू असते. ती किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते. उपाशीपोटी ही गोळी चालू राहिली तर रक्तात कीटोन वाढून आम्ल साचतं, आणि फसवं असं की शुगर बरी दिसत असते, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. मी आत्ता जिचा धसका घेतो ती ही गोळी. वजन कमी करण्याची किंवा शुगरची आठवड्यातून एकदाची इंजेक्शनं घेत असाल तर तेही सांगा, त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं.

तीन, जे कुणी औषध समजत नाही ते. काढे, लसणाच्या कॅप्सूल, कुणीतरी दिलेली सांधेदुखीची ‘देशी’ पुडी. त्या पुडीत कधीकधी स्टिरॉइड निघतं.

बीपीच्या गोळ्यांपैकी कोणती सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची आणि कोणती टाळायची, तेही भूलतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या. आणि पुरुष पेशंट असेल तर पाऊच. इंदुरात हे विचारावंच लागतं. वर्षानुवर्षं गुटखा खाणाऱ्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, मग श्वासाची नळी घालताना माझी परीक्षा असते. मी ‘तोंड उघडा, आ करा’ म्हणतो ते दात बघायला नाही.

लोकमान्यनगरवाला

डॉक्टर, आभार! आईच्या पिशवीत डापाग्लिफ्लोझिन निघाली. सर्जनच्या फाइलमध्ये ‘शुगर : गोळ्या चालू’ एवढंच लिहिलंय. तपासणी परवा आहे, सांगतो.

मास्कमागे

परवापर्यंत थांबू नका. ज्या डॉक्टरांनी गोळी दिलीय त्यांना उद्याच फोन करा. बंद केलीत तर त्या दिवसांत शुगरसाठी काय घ्यायचं, तेही त्यांनाच विचारायचंय.

ओटीतली_ताई

पुढचं.

आईंच्या पायात जोडवी असतील तर आजपासून कामाला लागा. खरंच सांगते. गुडघ्याच्या केसला त्याच पायावर पूर्ण निर्जंतुकीकरण करायचं असतं, आणि चाळीस-पन्नास वर्षं न काढलेली जोडवी बोटात रुतलेली असतात. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात ती काढायला गेलो की बाई रडायला लागते, आणि बीपी तिथेच १८०. घरी पाय कोमट पाण्यात ठेवा, साबण लावा. निघालं नाही तर बोटावर जोडव्याच्या पुढे दोरा घट्ट, एकाला एक लागून गुंडाळत सांध्याच्या पुढपर्यंत न्यायचा. आतल्या बाजूचं टोक जोडव्याखालून ओढून घ्यायचं आणि तिथून दोरा उलगडायला लागायचं, जोडवं दोऱ्यावरून सरकत पुढे येतं. अंगठ्यांनाही हीच युक्ती. तेही जमलं नाही तर सोनाराकडून कापून घ्या, नंतर डाग देऊन मिळतं.

मंगळसूत्र, बांगड्या, नथ, सगळं घरी. आत कॉटरी म्हणजे विजेवर चालणारं उपकरण वापरतात, त्याने रक्त थांबवतात. अंगावरच्या धातूने चटका बसू शकतो, शिवाय हात सुजला की बांगडी आवळते. नखांना रंग नको, मेंदी नको. बोटाला जो चिमटा लावतो तो प्रकाशावरून ऑक्सिजन मोजतो, गडद रंगाने आकडा चुकू शकतो.

पाय घरी वस्तऱ्याने साफ करून आणू नका, वॅक्सिंगही नको. ‘सिस्टरचं काम हलकं केलं’ म्हणून सांगतात लोक. वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणारे चिरे पडतात आणि जंतू तिथूनच आत शिरतात. केस अडचणीचे असतील तर आम्ही इथे क्लिपरने कापतो. आदल्या रात्री आणि सकाळी अंघोळ मात्र नीट, साबण कोणता ते विचारून घ्या.

सर्जन येऊन उजव्या पायावर मार्करने खूण करतील. आई जाग्या असताना आणि त्यांना विचारून. ती खूण पुसायची नाही. आणि मग चार जणी येऊन चारदा विचारतील, ‘नाव? कोणता पाय? कसलं ऑपरेशन?’ आईंना आधीच सांगून ठेवा की चिडायचं नाही, मान डोलवायची नाही, प्रत्येक वेळी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आम्ही ‘आप शांताबाई हैं ना?’ असं विचारतच नाही, कारण घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं.

फुकटसल्लागार

मंगळसूत्र काढायचं म्हणजे जरा अतीच नाही का? नवरा बाहेर बसलाय बिचारा.

बडोदेकरीण

काका, नवरा बाहेर सुखरूप बसलाय, बायको आत आहे. :D माझ्या सासूबाईंनी पर्समध्ये गजाननमहाराजांचा फोटो ठेवला आणि मंगळसूत्र सासऱ्यांच्या खिशात दिलं. दोघंही खूश.

(अवांतर : आमच्याकडे बडोद्याला सयाजी हॉस्पिटलमध्ये सुद्धा अगदी हीच पद्धत, हेच प्रश्न. मला वाटायचं आमच्या सिस्टरच संशयी आहेत.)

मुरारकर

संमतीपत्राचं कुणी लिहिलं नाही अजून. ग्वाल्हेरला वडिलांच्या वेळी सिस्टर आल्या, ‘यहाँ साइन’, झालं. इंग्रजी चार पानं. वडील जन्मभर हिंदी-मराठीत जगलेले. मी अडून बसलो तर मलाच ‘आप पढ़े-लिखे होकर’ वगैरे.

ओटीतली_ताई

अडून बसलात ते बरोबर केलंत. धोके काय, दुसरा पर्याय काय, हे समजावणं डॉक्टरांचं काम. आम्ही सही झाली का, योग्य माणसाची झाली का, तारीख-वेळ आहे का, ते बघतो. सिस्टरला विचारून तिचं उत्तर ऐकून सही करू नका. ‘डॉक्टर आले की करतो’ म्हणा, चांगली सिस्टर उलट हायसं वाटून जाईल. आणि पेशंट शुद्धीत, समजण्याजोगा असेल तर सही त्याचीच. मुलाची नाही, नवऱ्याचीही नाही.

लोकमान्यनगरवाला

आणि आत गेल्यावर? दार बंद झाल्यावर तीन तास आत काय चालतं ते सांगा ना ताई, मला त्याचीच जास्त धास्ती आहे.

ओटीतली_ताई

हा माझा प्रांत. थोडं लांबेल.

आत आम्ही दोघी. एक स्क्रब, म्हणजे हात धुऊन, निर्जंतुक गाऊन घालून सर्जनच्या समोर उभी, अवजारं देणारी. दुसरी फ्लोअरवर, ती टेबलाला हात लावत नाही, पण खोलीतली प्रत्येक गोष्ट तिच्या नजरेखालून जाते. कमरेत इंजेक्शन देताना पेशंटला बसवून पाठ बाहेर काढायला लावतात. तेव्हा समोरून खांदे धरून उभी राहते ती हीच. आजीबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर असतं आणि मी कानात ‘गहरी सांस लो, हिलना मत’ म्हणत असते. मराठी असल्या तर मराठीत. ‘अगंबाई, तू आपली का?’ म्हणून खांदे सैल सोडतात, इंजेक्शन सोपं जातं.

आईंना एक सांगून ठेवा. कंबरेखाली काही जाणवणार नाही, पण कान उघडे असतात. गुडघ्याच्या केसमध्ये करवत असते, हातोडी असते, चक्क सुतारकाम ऐकू येतं. झोपेचं औषध हवं असेल तर मागता येतं. काही ठिकाणी कानाला गाणी लावू देतात, विचारा.

चीर देण्याच्या आधी सगळे थांबतात. नाव, ऑपरेशन, कोणती बाजू, ॲलर्जी, अँटिबायोटिक दिलं का, रक्त तयार आहे का, हे मोठ्याने बोललं जातं. ही जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची १९ मुद्द्यांची यादी. भूल देण्याआधी काही मुद्दे, चिरेआधी काही, बाहेर नेण्याआधी काही. आठ देशांतल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती, आणि निकाल २००९ मध्ये छापून आले : दगावणाऱ्यांचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ वरून ७ वर. औषध नवं नाही, मशीन नवं नाही, नुसतं थांबून बोलणं. तरी अजून काही सर्जनना ते वेळेचा अपव्यय वाटतं. नावं घेत नाही. ;)

अँटिबायोटिक चिरेच्या आधी तासाभरात गेलेलं असावं लागतं. गुडघ्याला तर मांडीला पट्टा फुगवून रक्तपुरवठा थांबवतात, म्हणून पट्टा फुगवायच्या आधीच औषध रक्तात पोचायला हवं. पट्टा किती वाजता फुगवला, ते फळ्यावर आम्ही लिहितो आणि वेळ झाली की सर्जनला मोठ्याने सांगतो.

आणि मोजणी. गॉज आणि मॉप, म्हणजे रक्त टिपायची लहान-मोठी कापडं, पाच-पाचच्या जुडीत येतात, प्रत्येकात एक्स-रेत दिसणारा निळा धागा असतो. सुरू करण्याआधी मी एकेक सुटा करून मोठ्याने मोजते, फ्लोअरची सिस्टर माझ्यासोबत मोजते आणि फळ्यावर आकडा टाकते. मध्येच नवी जुडी उघडली की पुन्हा दोघींनी मोजून बेरीज. रक्ताने भिजलेला मॉप मुठीएवढा गोळा होतो, दोन एकमेकांना चिकटले तर एकच वाटतो, म्हणून बादलीतले चिमट्याने उलगडून पाच-पाचच्या ओळीत मांडायचे. जखम बंद करायच्या आधी एक मोजणी, कातडी शिवायच्या आधी पुन्हा. सुयाही तशाच.

एकदा पोटाच्या केसला एक मॉप कमी भरला. सर्जन हातात सुई घेऊन उभे. मी म्हटलं, ‘सर, रुकिए.’ ज्युनिअर डॉक्टर पुटपुटला, ‘गिनती में गलती होगी.’ पुन्हा मोजलं, कमीच. बादल्या उलट्या केल्या, चादरींच्या घड्या झटकल्या. शेवटी तो मॉप ज्युनिअरच्याच गमबुटाच्या टाचेखाली चपटा झालेला सापडला. सापडला नसता तर पोट उघडं ठेवून टेबलावरच एक्स-रे काढला असता. तुम्हाला बाहेर ‘अजून अर्धा तास लागेल’ असा निरोप येतो ना, त्यातला काही वेळ कधीकधी असा गेलेला असतो.

शेवपरमल

ताई, अंगावर काटा आला. म्हणजे सिस्टर सर्जनला थांबवू शकते?

मास्कमागे

थांबवू शकते, आणि थांबवायलाच हवं. मोजणी जुळली असं स्क्रब सिस्टरने म्हटल्याशिवाय मी तरी पेशंटला जागं करायला घेत नाही.

(अवांतर : ती १९ मुद्द्यांची यादी करणाऱ्या गटाचे प्रमुख अतुल गावंडे. बॉस्टनचे सर्जन, पण वडील विदर्भातले. मराठी माणूस ओटीतही पुढे. :))

फुकटसल्लागार

घ्या! मग आता मीही गप्प बसतो. पण एक सांगतो, आमच्या आत्याने नर्सिंगला जायचं म्हटलं तर घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनातून मुली ससूनला नर्सिंग शिकायला जायच्या, तेही केव्हाचं. आमचे आजोबा त्याच्या नंतरचे असून मागे.

लोकमान्यनगरवाला

काका, हे आवडलं. ताई, नंतरचं?

ओटीतली_ताई

ऑपरेशन संपलं की लगेच खोलीत आणत नाहीत, आधी रिकव्हरीत. तिथे हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध आणि ऑक्सिजन या पाचांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. १० पैकी ९ झाले की वॉर्डात. सुरुवातीला दर १५ मिनिटांनी बीपी-नाडी, मग अर्ध्या तासाने, मग तासाने. रात्री बीपीसाठी उठवलं म्हणून भांडू नका. आतल्या आत रक्त जात असेल तर आधी नाडी वाढते आणि लघवी कमी होते, बीपी नंतर पडतो. म्हणून आम्ही लघवीची पिशवीही इतकी निरखून बघतो.

थरथर सुटेल, घाबरू नका, ओटी थंड असते आणि भुलेने अंगाची ऊब जाते. आम्ही गरम हवेचं पांघरूण घालतो. घरून आणलेली गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवायची नाही! पाय बधिर आहेत, भाजलं तरी कळणार नाही.

आता दुखण्याचं, कारण आपल्या बायका इथेच फसतात. सिस्टर विचारेल, ‘दर्द कितना है, शून्य से दस में?’ आई म्हणतील, ‘ठीक है बेटा, सहन हो जाता है.’ मी वॉर्डात होते तेव्हा एक आजी तोंडात पदराचा बोळा धरून पडल्या होत्या आणि विचारलं की ‘काही नाही गं’. त्या खोल श्वास घेत नव्हत्या, खोकत नव्हत्या, कुशीवर वळत नव्हत्या, कारण काहीही केलं की कळ मारायची. असं पडून राहिलं की छातीत कफ साचून न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या. सहन करण्यात कसलंच पुण्य नाही. दुखणं पाचाच्या वर गेलं की सांगायचं, दहाची वाट पाहायची नाही, कारण चढलेली कळ उतरवायला जास्त औषध लागतं. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनेची गोळी पोटात असावी. वेळ जुळवून द्यायला सिस्टरला सांगा.

गुडघ्याखाली उशी ठेवू नका. सगळे प्रेमाने ठेवतात, आईंनाही बरं वाटेल, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग सरळ होताना रडवतो. उशी घोट्याखाली. घोटे वर-खाली हलवत राहायचं, जागेपणी तासाला दहाएक वेळा. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं खेळणं देतील, त्यातून श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचं नाही. बाबांकडे हे काम द्या, समोर बसून मोजायला. त्यांचीही घालमेल कमी होते.

पहिल्यांदा उठताना एकटीने नाही, बाथरूमलाही नाही, मग कितीही संकोच वाटो. मांडीत बधिर करायचं इंजेक्शन दिलेलं असेल तर पाय हलतो, पण भार टाकला की गुडघा दुमडतो. नव्या गुडघ्यावर पडणं म्हणजे पुन्हा ओटी.

बडोदेकरीण

सासूबाई दुसऱ्या रात्री एकदम वेगळंच बोलायला लागल्या. भिंतीवर मुंग्या आहेत म्हणाल्या, मला ओळखलं नाही, सलाईन उपटायला निघाल्या. आम्हाला वाटलं लकवा. असं आईंना झालं तर?

मास्कमागे

त्याला डिलिरियम म्हणतात, वयस्कर लोकांत ऑपरेशननंतर बऱ्यापैकी दिसतो. बहुतेकदा काही दिवसांत ओसरतो, पण कारण शोधावं लागतं : दुखणं, तुंबलेली लघवी, ऑक्सिजन, सोडियम, शुगर, संसर्ग, झोप न होणं. लगेच सिस्टरला सांगा. तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं असं काही असेल तर क्षणाचाही वेळ घालवू नका.

टाळण्यासाठी साध्या गोष्टी : चष्मा, कानाचं मशीन, कवळी ओटीतून आल्यावर लवकरात लवकर परत द्या. दिवसा पडदा उघडा, रात्री दिवा मंद. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे बोलता बोलता सांगत राहा. आणि हो, इंदुरात नर्सिंगला केरळच्या मुली आहेत, माळव्यातल्या आहेत, गोंधळलेली आजी मराठीत काय बडबडतेय ते त्यांना कळत नाही. रात्री मराठी बोलणारं माणूस जवळ असू द्या.

मुरारकर

एक तक्रार. एका खासगी हॉस्पिटलात वडिलांची लघवीची नळी काढायचं कुणालाच सुचलं नाही. सिस्टर म्हणे डॉक्टरांनी लिहिलं नाही, डॉक्टर म्हणे सिस्टरने आठवण केली नाही. ताप आला, संसर्ग निघाला, मुक्काम वाढला, बिल आमचं.

ओटीतली_ताई

वाईट झालं, आणि नवं नाही. नळी जितके दिवस आत तितका संसर्गाचा धोका चढत जातो. कामच नसेल तर दुसऱ्या दिवशी निघायला हवी. रोज राउंडला एक प्रश्न विचारायचा : ‘ही नळी आज काढता येईल का?’ सलाईनची सुई, ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी), सगळ्याबद्दल हेच. रात्रपाळीला एकीकडे इतके पेशंट असतात की जो विचारतो त्याचं आधी होतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण आहे असंच.

उलटं, नळी काढल्यावर सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर सांगा. कमरेतल्या भुलेनंतर मूत्राशय तट्ट भरून माणसाला कळत नाही.

शेवपरमल

भेटायला येणाऱ्यांचं काय? बाबांच्या वेळी अख्खी कॉलनी आली होती, प्रत्येकाच्या हातात फरसाण. पेशंट सोडून सगळ्यांनी खाल्लं.

ओटीतली_ताई

गेटावर पास एकच का देतात, ते आता कळलं असेल. :) दोनच माणसं, आलटून पालटून. सर्दी-खोकलावाला नको, पलंगावर बसायचं नाही, पट्टीला हात लावायचा नाही, शिरताना-निघताना हात चोळायचे. बाकीच्यांनी बाबांना घरी जेवायला घालावं, ती खरी मदत.

लोकमान्यनगरवाला

अपडेट : शुगरच्या डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली. भूलतज्ज्ञांनी पिशवीतली प्रत्येक पट्टी बघून कागदावर वेळा लिहून दिल्या. एक जोडवं निघालं, दुसऱ्यासाठी सोनाराला घरी बोलावलंय. घरी आल्यावर टाक्यांचं काय ते सांगा, म्हणजे प्रिंट काढून फ्रिजवर लावतो.

ओटीतली_ताई

टाके किंवा पिना साधारण दोन आठवड्यांनी, तारीख डिस्चार्ज कार्डावर असेल. तोवर पट्टी कोरडी. हळद, तूप, कुणी सांगितलेलं तेल, काहीही लावायचं नाही. शुगर ताब्यात, नाहीतर जखम भरत नाही. रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळी दिली असेल तर ‘आता चालायला लागली’ म्हणून मध्येच सोडायची नाही. वेदनेच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं, तेव्हा पाणी, फळं, गरज पडली तर इसबगोल. डिंकाचे लाडू नंतर करा, पळून जात नाहीत.

सूज आणि थोडा गरमपणा काही आठवडे राहतो, त्याने घाबरू नका. पण पोटरी एकाच बाजूला टणक होऊन दुखली, पट्टीतून पाणी किंवा पू आला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनी करत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

सराफ्यातला_उशीर

धागा मध्येच वळवतोय, माफी. वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन परवा सकाळी ८ ला आहे. वरचं वाचून आत्ता पट्ट्या तपासल्या तर तीच डापा-वाली गोळी निघाली. आज सकाळीही घेतलीय. हॉस्पिटलात कुणी विचारलं नव्हतं, आम्हीही सांगितलं नाही. आता उद्या बंद केली तर चालेल का? की उगाच सांगून केस पुढे ढकलली जाईल? सुट्टी मुश्किलीने मिळालीय.

मास्कमागे

आत्ताच हॉस्पिटलला फोन करून ऑनकॉल भूलतज्ज्ञ मागा. गोळीचं नाव, ताकद आणि आज किती वाजता घेतली ते सांगा. तोवर पुढची गोळी देऊ नका. केस ठेवायची की ढकलायची हे ते ठरवतील. कीटोन तपासून, इन्सुलिनची तयारी ठेवून घेतीलही कदाचित. पण त्यांना माहीत हवं.

सराफ्यातला_उशीर

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, आता उचलतील?

ओटीतली_ताई

उचलतात. नाही उचलला तर वॉर्डाच्या नंबरवर लावा आणि नाइटच्या सिस्टरला सांगा, ती भूलतज्ज्ञांना गाठेल आणि फाइलवर लाल पेनाने लिहील. तिचं नाव विचारून ठेवा. सकाळची वाट बघू नका.